रंगनाथअण्णांचा रिकामा कॅन

१९ एप्रिल, रविवार. वर्षाचा गहू गच्चीवर वाळत घातला आहे आणि हातात काठी घेऊन मी कबुतरं हाकलते आहे. गव्हाला आमच्याकडे तीन उन्हं देतात, आजचं तिसरं. एरंडेलाचा हात लावून तो कोठीत भरला की वर्षाची काळजी मिटली. ऊन उतरेपर्यंत इथून हलता येणार नाही, म्हणून वही घेऊन बसले आहे.

लिहायचं आहे ते शेजारच्या रंगनाथअण्णांबद्दल. त्यांना उद्या सकाळी साडेसहाच्या आत आपल्या थोरल्या भावाशी बोलायचं आहे. अकरा वर्षांत दोघं एक शब्द बोललेले नाहीत. उद्याची वेळ टळली तर पुन्हा बोलायला जागाच उरणार नाही. अण्णांना तिथवर स्कूटीवर घालून न्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. ते कसं आलं हे सांगायचं तर आधी अण्णांचा कॅन सांगायला हवा.

अण्णांच्या ओट्यावर दुधाचा चाळीस लिटरचा ॲल्युमिनियमचा कॅन असतो. रिकामा. कॉलनीतल्या कुणाचंही डोकं तापलं की त्याने यायचं, झाकण काढायचं, कॅनच्या तोंडाशी तोंड न्यायचं आणि काय बोलायचं असेल ते आत बोलायचं. शिव्या चालतात. रडणंही चालतं. बोलून झालं की झाकण दाबून बसवायचं आणि घरी जायचं. रोज सकाळी अण्णा तो कॅन सोड्याच्या गरम पाण्याने आतून घासतात, दोनदा विसळतात आणि उन्हात पालथा घालतात.

"कॅन नीट धुतला नाही की दुसऱ्या दिवशीचं दूध नासतं, ताई," ते म्हणतात. "त्या दुधाचा काय दोष?"

गेल्या वर्षी समोर बँकेतले एक साहेब राहायला आले. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आमच्या ह्यांना कॅनमध्ये डोकं घालून ओरडताना बघितलं. दोन दिवस त्यांनी मुलांना खेळायला बाहेर सोडलं नाही. मग मार्च उजाडला, बँकेत वर्षअखेरीची कामं आली, आणि साहेब स्वतः रोज सात वाजता ओट्यापाशी उभे. शेवटच्या आठवड्यात तर आमच्या ह्यांना नंबर लावावा लागला.

अण्णा दूध डेअरीवर टेस्टर होते. बावीस वर्षं स्वतःच्या गावात, संगमनेरपासून अकरा किलोमीटरवर, आणि पुढची सात वर्षं इथे शहरात डेअरीच्या मोठ्या लॅबमध्ये. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. बायको फार पूर्वी गेली. एकुलता एक मुलगा चाकणला कंपनीत आहे, रविवारी फोन करतो.

आमच्या भागात टेस्टरचं काम काय असतं ते सांगते. पहाटे सगळं गाव कॅन आणि किटल्या घेऊन रांगेत उभं राहतं. टेस्टरने झाकण उघडून वास घ्यायचा, नमुना काढायचा, फॅट काढायची, म्हणजे दुधात लोणी किती ते मोजायचं, भाव त्यावरच ठरतो, आणि दुधात लॅक्टोमीटरची काचेची नळी सोडून डिग्री बघायची. डिग्री उतरली म्हणजे दुधात पाणी. दूध परत. आता ज्याचं दूध परत जातं तो काही गाईशी भांडत नाही. तो टेस्टरशी भांडतो. सकाळी शंभर माणसं, संध्याकाळी शंभर माणसं, आणि प्रत्येकाची म्हैस गावात सगळ्यात चांगली.

"मला रक्तदाब झाला असता तर डेअरीला दुसरा टेस्टर मिळाला असता," अण्णा म्हणतात. "मला दुसरा मी कुठून मिळणार?"

म्हणून त्यांनी टेबलापाशी उभ्या उभ्या करता येतील असे उपाय शोधून काढले. योगाच्या वर्गाला ते कधी गेले नाहीत. पुस्तक वाचलं नाही. हाताशी काय होतं, तर कॅन, पाणी, काचेच्या नळ्या आणि शिव्या. त्यातून जे सुचलं ते आता आमच्या कॉलनीला मिळतं, मागितलं नाही तरी.

माणसं तपासायची सवय मात्र गेलेली नाही. समोरून कुणी आलं की अण्णा मान जराशी पुढे करतात, नाक किंचित वर, आणि निकाल देतात. "मंदाताई, आज आंबट वाटताय," हे मला. "साहेब करपलेत, दोन दिवस त्यांना हलवू नका." "ह्यांची आज डिग्री उतरलीय, झोप झाली नाही." चिडायला होतं, कारण बहुतेक वेळा बरोबर असतं.

आणि सगळ्यांवरचं एक औषध: "फेस बसू द्या." नुकतं काढलेलं दूध असतं, त्यात हवा भरलेली असते. त्यात नळी सोडली तर ती खोटी डिग्री दाखवते. चांगल्या दुधातही पाणी दिसतं. म्हणून दूध हलवायचं नाही, बाजूला ठेवायचं, फेस खाली बसला की मग बघायचं. अण्णा हे नवराबायकोला सांगतात, दहावीच्या मुलांना सांगतात, भाजीवालीशी हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगतात. एकदा लोकसभेच्या निकालाच्या दिवशी टीव्हीलाही सांगत होते.

मला खरं तर असल्या गोष्टींना वेळ नसतो. मी कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. जून-जुलैत ॲडमिशनं सुरू असताना मी माणसांत नसते. दोन वर्षांपूर्वी त्या दिवसांत वेबसाइट बंद पडली, तीनशे पालक खिडकीवर, आणि प्राचार्यांनी सगळ्यांच्या समोर मला विचारलं, "तुम्ही करता काय दिवसभर?" घरी येऊन फाटक असं आपटलं की त्याची कडी निघाली.

भिंतीपलीकडून अण्णा म्हणाले, "ताई, अर्धा किलो लसूण सोलायचाय."

"अण्णा, मला स्वयंपाक करायचाय."

"म्हणूनच म्हणतो. आत्ता तुमच्या हातचं कुणी खाऊ नये."

भांडायलाच गेले आणि बसले. नियम दोन. पाकळीला नख लागता कामा नये, आणि मूठभर होईपर्यंत बोलायचं नाही. पहिल्या दहा पाकळ्यांत मी मनातल्या मनात प्राचार्यांना राजीनामा दिला. पुढच्या दहांत तो परत घेतला. नंतर कधीतरी लक्षात आलं की माझे खांदे कानापासून खाली आले आहेत. लसूण घरी घेऊन आले, आठवडाभर पुरला. बरं वाटलं हे मात्र अण्णांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांनी पोतं आणलं असतं.

आमच्या ह्यांना रक्तदाब आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर हे मोबाईल कानाला लावून, भावकीशी शेताच्या बांधावरून भांडत चालायचे. घरातून निघताना असायचा त्यापेक्षा परत येताना रक्तदाब जास्त. अण्णांनी एक दिवस त्यांच्या चपला आणि मोबाईल दोन्ही काढून घेतलं आणि पहाटे ओल्या गवतावर उभं केलं.

"चाला. प्रत्येक पाऊल टेकलेलं जाणवलं पाहिजे."

"काय जाणवायचं त्यात? पाय आहे."

"पाय आहे, हे शेवटचं कधी जाणवलं होतं?"

हे गवतावरून चालू लागले. तेव्हापासून चालतात अनवाणी. गोळी मात्र अण्णांनी बंद करू दिली नाही. "गोळी डॉक्टरांची. पाय तेवढे माझे," म्हणाले.

कोपऱ्यावरच्या घरात शिक्षक नवराबायको राहतात. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि भांडण सगळ्या कॉलनीला ऐकू यायचं. अण्णा एका सकाळी बादलीत भिजवलेली सोलापुरी चादर घेऊन त्यांच्या दारात गेले. एक टोक ह्याच्या हातात, दुसरं तिच्या. "पिळा." आता सोलापुरी चादर भिजली की एका माणसाने पिळली जात नाही, आणि दोघांनी एकाच बाजूला पीळ दिला तर नुसती गोल फिरते. ते दोघं पाच मिनिटं फिरवत राहिले. मग तिला हसू आलं, मग त्याला. आता त्यांच्या दोरीवर भर हिवाळ्यात चादर वाळत दिसली की आम्हाला कळतं, काल काहीतरी झालं असावं. बाकी कुणी काही विचारत नाही.

असा हा माणूस. कॉलनीतला प्रत्येक जण त्यांच्या ओट्यावर हलका होऊन गेलेला आहे. पण अण्णांचं स्वतःचं एक दुखणं होतं, तेही सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यावर त्यांचा एकही उपाय चालत नव्हता. त्यांचे थोरले भाऊ, सोपानदादा, त्यांच्याशी बोलत नव्हते.

वडील गेले तेव्हा अण्णा नऊ वर्षांचे होते. दादांनी सातवीतून शाळा सोडली आणि धाकट्याला बारावी सायन्सपर्यंत शिकवलं. टेस्टरची नोकरी लागली ती त्या बारावीवर. एवढं अण्णा कुणालाही सांगायचे. भांडण कशावरून झालं ते नाही. "झालं थोडं," म्हणायचे आणि नळाखाली भांडी घासायला बसायचे. दर दिवाळीला एसटीने गावाला निघायचे. फाट्यावर उतरायचे, गावात जाणारा दोन किलोमीटरचा रस्ता बघायचे आणि समोरून येणाऱ्या एसटीने परत यायचे. संध्याकाळी आम्ही विचारलं तर म्हणायचे, "आज गर्दी होती."

दादांच्या सुनेकडून, सुनंदाकडून, एकदाच निरोप आला होता. दादा म्हणाले होते, जितं बोल्ला तितं येऊन बोल. घरी नको, फोनवर नको. जिथे बोलला तिथे.

आज सकाळी सात वाजता मी गहू पसरायला वर आले. इथून अण्णांचा ओटा सरळ खाली दिसतो. अण्णा कॅनमध्ये तोंड घालून बसले होते. चार वर्षांत मी त्यांना कॅन धुताना हजारदा बघितलं आहे, आत बोलताना एकदाही नाही. ओरडत नव्हते. एकच वाक्य बोलायचे, झाकण लावायचे, थोडं थांबून झाकण काढायचे आणि पुन्हा तेच वाक्य. सकाळची शांतता होती, आणि कॅनमधून आवाज वर येतो.

"दादा, ते पाणी नव्हतं."

मी खाली गेले. "अण्णा, कॅनला कशाला सांगताय? ज्याला सांगायचं त्याला सांगा."

त्यांनी झाकण लावलं. "गव्हातले खडे निवडायचेत का तुमचे?" म्हणाले.

नव्हते निवडायचे. गहू चाळून आणलेला होता. पण मी म्हटलं, आहेत.

मग गच्चीत सूप मांडीवर घेऊन, नसलेले खडे शोधत, मान वर न करता त्यांनी सांगितलं. पहाटे सुनंदाचा फोन आला होता. "अण्णा, मामंजींनी गाय इकली. गुडघ्यानं बसवत न्हाई त्यांना, धार कोन काढनार. उद्या सकाळचं शेवटचं दूध घालनार हायेत. दुपारी टेम्पो येतोय." म्हणजे उद्यानंतर सोपानदादा डेअरीच्या रांगेत कधीच उभे राहणार नव्हते. आणि बोलायची जागा तीच होती.

"त्या दिवशी दादाला उशीर झाला होता," अण्णा म्हणाले. "मोटरचा पाइप फुटला म्हणून. घाईत धार काढली आणि पळत आला. दूध फेसाळ, कोमट. टँकरवाला हॉर्न वाजवतोय. सगळ्यांचं झालेलं, रांग अजून उभीच, गप्पा मारत. मी थांबायला पाहिजे होतं. नाही थांबलो. नळी सोडली, चोवीस लागली. गाईच्या दुधाला अठ्ठावीस लागते. रोज लागायची त्याची."

"मग?"

"मग मला वाटलं, सख्ख्या भावाचं घेतलं तर गाव म्हणेल, टेस्टर घरचं चालवून घेतो. दूध परत केलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, दादा, पाणी जरा कमी घालत जा."

"रांगेसमोर?"

"सगळे हसले, ताई. मीही हसलो."

दादांनी तिथेच रस्त्यावर सगळा कॅन ओतला आणि निघून गेले. भांडले नाहीत. "भांडला असता तर बरं झालं असतं," अण्णा म्हणाले. "भांडणाऱ्याचं मला कळतं."

टँकर गेला. आठ वाजता नळ्या धुताना टेबलावर दादांच्या दुधाचा नमुना तसाच राहिलेला दिसला. फेस बसला होता. अण्णांनी पुन्हा नळी सोडली. अठ्ठावीस.

"म्हणजे मला कळायला अकरा वर्षं लागली असं नाही. त्याच दिवशी आठ वाजता कळलं." सुपातल्या गव्हावर ते हात फिरवत राहिले. "टेस्टर चुकला असं एकदा म्हटलं की दुसऱ्या दिवशी अख्खं गाव जुनं उकरून भांडायला येणार. आणि नोकरी तर करायची. आज सांगू, उद्या सांगू करत महिना गेला. मग मीच शहरात बदली मागून घेतली."

असल्या वेळी मी कामाचं बोलते. "उद्या पावणेसहाला तयार राहा."

"बसने जाईन मी."

"पहिली बस सातला आहे, अण्णा. डेअरीचा काटा साडेसहाला बंद होतो म्हणालात."

"मी फाट्यावरून परत येतो, ताई."

"स्कूटी मी चालवणार आहे. परत फिरायचं की नाही ते मी बघेन."

इथवर काल लिहिलं.

आज सोमवार. पावणेसहाला फाटकाशी गेले तर अण्णा पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट घालून उभे होते. मागे बसले ते पिशवी पोटाशी धरून, मुलगी बघायला निघाल्यासारखे. प्रवरेचा पूल ओलांडला. रस्त्याच्या कडेला काढलेल्या कांद्यांचे ढीग होते, उसाला पाणी चाललं होतं, हवा गार होती. फाटा आला आणि माझ्या खांद्यावर हात पडला.

"जरा थांबा, ताई."

थांबले. अण्णांनी चपला काढल्या आणि मातीत उभे राहिले. डोळे मिटले. मग पिशवीतून दोन तांबे काढले, एकात पाणी होतं, ते या तांब्यातून त्या तांब्यात अगदी बारीक धारेने ओतू लागले. हा त्यांचा श्वासाचा उपाय. धार तुटली नाही तर श्वास जागेवर आहे. आज धार तुटत होती. पुन्हा ओतलं. पुन्हा तुटली. बाजूने जाणाऱ्या दुधाच्या मोटरसायकलवाल्याने वेग कमी करून बघून घेतलं.

"अण्णा, सव्वासहा झाले."

"फेस बसतोय."

"अकरा वर्षं बसतोय. चला."

तांबे पिशवीत गेले, अण्णा मागे बसले. चपला तिथेच राहिल्या, हे आम्हाला नंतर कळलं.

डेअरीपुढे वीसेक माणसं होती. आता तिथे मशीन आहे. नमुना लावला की आकडे पडद्यावर येतात आणि पावती निघते. मशीनपाशी तरुण मुलगी होती, तिने अण्णांना ओळखलं नाही. रांगेने ओळखलं.

"आरं, टेस्टर आलं."

"अन्ना, उशीर केला. आता मशीन हाय. तुमचं काम संपलं."

"ह्या बाबानं माझ्या म्हशीची फॅट खाल्ली पंधरा वर्सं," हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी म्हणाली. "म्हनून तर अजून टुकटुकीत हाय."

रांग हसली. रांगेत मधोमध एक उंच, वाकलेला म्हातारा होता. तो हसला नाही, वळलाही नाही. ते कोण हे मला सांगावं लागलं नाही, पाठ अण्णांचीच होती.

अण्णा रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. हातात किटली नाही, पायात चपला नाहीत. मी स्कूटीपाशीच थांबले. बोलायला जावं असं दोनदा वाटलं. हे काम दुसऱ्याने करायचं नव्हतं, म्हणून पाय हलवले नाहीत.

सोपानदादांचा नंबर आला. कॅन रिकामा झाला, पावती निघाली, त्यांनी ती वाचली नाही, खिशात घातली. पण घराकडे निघाले नाहीत. बाजूला भिंतीशी जाऊन उभे राहिले. रांग पुढे सरकत राहिली. शेवटी अण्णा टेबलापाशी पोहोचले.

"किती लिटर?" मुलगी म्हणाली.

"दूध नाही. बोलायचंय."

"काका, टँकर यायचाय."

"टँकर थांबेल," अण्णा म्हणाले. मग ते रांगेकडे वळले. दूध घालून झालेली माणसंही गेलेली नव्हती.

"ह्या टेबलाशी मी दादाचं दूध परत केलं होतं. पाणी घातलंय म्हणालो होतो. तुमच्यातले बरेच जण होते तेव्हा. ते पाणी नव्हतं. दूध ताजं होतं, त्यात फेस होता, मी थांबलो नाही. टँकर गेल्यावर परत बघितलं, तर अठ्ठावीस लागली. त्याच दिवशी मला कळलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. चूक माझी होती. दादानं बापजन्मात दुधात पाणी घातलं न्हाई."

शेवटच्या वाक्याला त्यांचा शहरी आवाज सुटला.

दादा भिंतीकडे बघत होते. मग जे होणार म्हणून अण्णा अकरा वर्षं गप्प राहिले होते, ते झालं.

"मंग माझं बी चुकीनंच परत केलं आसंल," रांगेतला एक जण म्हणाला. "दोनदा केल्तं."

"तुमचं आंबलं होतं, पांडुरंग. किटली धुवत नव्हता तुम्ही."

"आन माझं?" दुसरा.

"तुमचं पावडरीचं होतं. सांगू का सगळ्यांना कोणती पावडर?"

"नगा सांगू," तो मागे सरकत म्हणाला, आणि लोक हसायला लागले. हिरव्या लुगड्यातली म्हातारी पुढे आली, कमरेवर हात.

"आन माझं रं, टेस्टर? धा वेळा परत दिलंस तू. ती बी तुझीच चूक म्हनायची का न्हाई?"

अण्णांनी तिच्याकडे नीट बघितलं. मान जराशी पुढे झाली.

"तुमचं पाणीच होतं, मावशी."

"तिचं तर व्हतंच," भिंतीपासून आवाज आला.

सगळे वळले. सोपानदादा अजून भिंतीकडेच बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय, ते मला इतक्या लांबून सांगता येणार नाही. म्हातारी म्हणाली, "दोगं भाव एकाच मापाचं," आणि आपली किटली उचलून चालू लागली.

दादांनी रिकामा कॅन उचलला. दोन पावलं चालले आणि थांबले.

"चपला कुटं हायेत तुझ्या?"

अण्णांनी पायांकडे बघितलं. "फाट्यावर राहिल्या वाटतं."

"दुपारी टेम्पो यायचाय. गाय परक्या मान्साच्या हातानं चढत न्हाई, आन मला वाकवत न्हाई. चल." मग मान माझ्याकडे. "बाई, तुमी जावा. चार दिसांनी आनून सोडतो ह्याला."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी हातानेच जा म्हटलं. दादा पुढे, अण्णा मागे, अनवाणी, खडे चुकवत, कॅनची एक कडी दादांच्या हातात आणि दुसरी अण्णांच्या. रिकाम्या कॅनला दोन माणसं लागत नाहीत.

फाट्यावर थांबून चपला उचलल्या आणि डिकीत टाकल्या. आठला घरी पोहोचले. अण्णांचं दार नुसतं कडी लावलेलं होतं. चार दिवस घर असं उघडं ठेवणं बरं नाही, म्हणून कुलूप शोधायला आत गेले. खिळ्यावर नाही, फडताळात नाही, देवघराच्या खणात नाही. घर स्वच्छ होतं, एक ताट, एक वाटी, एक पेला, सगळं धुऊन पालथं. शेवटी त्यांच्या मुलाला चाकणला फोन केला.

"कुलूप?" तो म्हणाला. "कुलूप नसेल, काकू. अण्णांना कधी लागलंच नाही. कुठे राहायला जातात ते?"

त्याला मी सांगितलं कुठे गेलेत ते. "तिथे?" असं त्याने तीनदा विचारलं. मला साडेदहाचं ऑफिस होतं, म्हणून फोन ठेवला. आमच्या फाटकाचं कुलूप काढून आणलं, अण्णांच्या दाराला लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.